साडेसहाचा आकडा आणि दादांचं वजन

पत्र:

"माझा मोठा भाऊ ५४ वर्षांचा आहे. जिभेच्या उजव्या कडेची जखम भरून येत नव्हती म्हणून तुकडा तपासायला दिला, तर कॅन्सर निघाला. मानेत एक गाठही हाताला लागते. ऑपरेशन बारा दिवसांवर आलंय. नंतर रेडिएशन आणि कदाचित केमो लागेल, असं सर्जन म्हणाले. मागच्या आठवड्यात दादाची दाढ सुजली, ताप आला. अँटिबायोटिक आणि सूज उतरायला स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याच दिवसांत ऑपरेशनच्या आधीचं रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी १३,२००, न्यूट्रोफिल ७९ टक्के, लिम्फोसाइट १२ टक्के, सीआरपी ४६, अल्ब्युमिन ३.२. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागून आलेला आकडा चारच्या वर असेल तर मृत्यूचा धोका १.८१ पट असतो, असं मी वाचलं. दादाचा साडेसहा येतो. म्हणजे वाचण्याची शक्यता ८१ टक्क्यांनी कमी झाली ना? ग्लासगो स्कोअर काढला, तोही सगळ्यात वाईट, २. सर्जनना विचारलं तर म्हणाले, 'ते राहू द्या, आधी इन्फेक्शन आटोक्यात येऊ दे.' त्यांनी मला टाळलं का? दादा रिपोर्टबद्दल विचारतो, मी 'ठीक आहे' म्हणून वेळ मारून नेते. वहिनीलाही काही सांगितलेलं नाही. त्याला गिळताना दुखतं, तीन महिन्यांत ६८ किलोचा ६१ झालाय. दिवसाला दोन-तीन सिगारेट अजून चालूच आहेत. ऑपरेशनचा उपयोग तरी होईल का? दाह कमी करणाऱ्या गोळ्या किंवा व्हिटॅमिन देऊन हा आकडा खाली आणता येईल का? दर आठवड्याला रक्त तपासत राहू का?"

उत्तर:

नमस्कार ताई,

ऑपरेशनच्या उपयोगाबद्दल आधी सांगतो. या रक्ताच्या रिपोर्टवरून ऑपरेशनचा उपयोग होणार नाही असं कुणीही म्हणू शकत नाही. तुम्ही काढलेल्या भागाकारावर जिभेच्या कॅन्सरची स्टेज ठरत नाही आणि उपचारही ठरत नाहीत. सर्जननी तुम्हाला टाळलेलं नाही. थोडक्यात बोलले, पण बोलले ते बरोबर होतं. त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे.

दाढ सुजली, ताप आला, स्टेरॉइड सुरू झालं आणि त्याच दिवसांत रक्त काढलं. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट हे पांढऱ्या पेशींचेच दोन प्रकार. दातात पू झाला की अस्थिमज्जा न्यूट्रोफिल भराभर रक्तात सोडते, कारण जंतूंशी पहिली झुंज त्यांचीच असते. स्टेरॉइडमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि त्याच वेळी रक्तातले लिम्फोसाइट कमी होतात. हे काही तासांत घडतं. म्हणजे तुमच्या भागाकारात वरचा आकडा फुगलेला होता आणि खालचा आकसलेला. निरोगी माणसाचं हे गुणोत्तर साधारण १ ते ३ च्या आसपास असतं, पण दाढेत पू झालेल्या आणि स्टेरॉइड घेणाऱ्या निरोगी माणसाचंही ते साडेसहा येऊ शकतं. दादांच्या साडेसहामध्ये दाढेचा वाटा किती, गोळ्यांचा किती, सिगारेटचा किती आणि जिभेवरच्या गाठीचा किती, हे त्या दिवसाच्या रक्तातून वेगळं काढता येत नाही. धूम्रपानानेही पांढऱ्या पेशी वाढतात.

सीआरपीचंही तसंच आहे. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन पहिल्यांदा सापडलं. न्यूमोकोकस या जंतूच्या पेशीभिंतीतल्या 'सी' नावाच्या घटकाला ते चिकटतं, म्हणून त्याला हे नाव पडलं. शरीरात कुठेही आग पेटली, म्हणजे दाह सुरू झाला, की यकृत काही तासांत सीआरपी तयार करू लागतं आणि ती विझली की त्याची रक्तातली पातळी साधारण १९ तासांत निम्मी होते. आग दाढेची की गाठीची, हे सीआरपी सांगत नाही. म्हणून सर्जन म्हणाले, आधी इन्फेक्शन.

आता तुम्ही वाचलेल्या त्या १.८१ कडे वळतो. तो आकडा खरा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात १०० अभ्यासांतले ४०,५५९ रुग्ण एकत्र धरले होते. त्यांना डोक्या-मानेचाच नव्हे, तर शरीरात ठिकठिकाणी गाठी करणारे वेगवेगळे कॅन्सर होते. ज्यांचं गुणोत्तर जास्त होतं, त्यांच्या गटात मृत्यूचा धोका १.८१ पट दिसला. तोंड, घसा आणि स्वरयंत्राच्या कॅन्सरवर स्वतंत्र अभ्यास झाले आहेत आणि त्यांचा कल त्याच दिशेने आहे. तुम्ही खोटं काही वाचलेलं नाही. फक्त त्याचा अर्थ तुम्ही लावला तो नाही.

'१.८१ पट धोका' म्हणजे 'वाचण्याची शक्यता ८१ टक्क्यांनी कमी' नव्हे. हिशेब करून दाखवतो, त्यातला पहिला आकडा समजुतीसाठी धरलेला आहे. समजा कमी गुणोत्तर असलेल्या १०० जणांपैकी पाच वर्षांनी ७० जण हयात आहेत. तर १.८१ पट धोक्याच्या गटातले १०० पैकी सुमारे ५२ जण हयात असतील. फरक मोठा आहे, मी तो लहान करून सांगत नाही. पण वाईट आकड्याच्या गटातले निम्म्याहून जास्त जगले आणि चांगल्या आकड्याच्या गटातले ३० गेले. तुमचे दादा त्या ५२ मध्ये असतील की उरलेल्या ४८ मध्ये, हे त्या भागाकाराला माहीत नसतं. आकडा गटाचा असतो, माणसाचा नसतो.

शिवाय गाठ मोठी असली की तिच्यावर जखम होते, जखमेत जंतू वाढतात, रुग्ण कमी जेवतो आणि दाह वाढतो. मग मृत्यूचा धोका दाहामुळे जास्त दिसतो की गाठ आधीच पुढे गेलेली होती म्हणून? काही अभ्यासांनी स्टेजचा हिशेब वेगळा काढूनही गुणोत्तराचा परिणाम उरतो असं दाखवलंय, म्हणून हा विषय थोतांड नाही. पण यातले बरेचसे अभ्यास जुन्या फायली मागाहून उघडून केलेले आहेत. 'जास्त' कशाला म्हणायचं याची रेषाही प्रत्येकाने वेगळी ओढली, कुणी दोनवर, कुणी तीनवर, कुणी पाचवर. पुष्कळदा ती रेषा त्याच रुग्णांचे निकाल पाहून ठरवलेली असते, आणि असं केलं की परिणाम आहे त्यापेक्षा ठळक दिसतो. ज्यांना इन्फेक्शन आहे किंवा जे स्टेरॉइड घेताहेत अशा रुग्णांना कित्येक अभ्यासांत मुळातच बाजूला ठेवलेलं असतं. म्हणजे दादांच्या त्या दिवसाच्या रक्ताला हे अभ्यास लागूच पडत नाहीत.

मग डॉक्टर या गुणोत्तराच्या मागे का लागलेत? कारण त्यात जीवशास्त्र आहे. गाठीत पांढऱ्या पेशी शिरलेल्या असतात हे रुडॉल्फ फिर्शो यांनी १८६३ सालीच पाहिलं होतं, आणि कॅन्सरचा दाहाशी संबंध असावा असं त्यांनी मांडलं. आज आपल्याला कळतं की काही गाठी स्वतःच असे रासायनिक संदेश सोडतात की अस्थिमज्जा जास्त न्यूट्रोफिल बनवते. हे न्यूट्रोफिल गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला आणि पेशी पसरायला हातभार लावू शकतात. उलट कॅन्सरच्या पेशी ओळखून मारण्याचं काम मुख्यतः लिम्फोसाइट करतात. एक वाढलेला आणि दुसरा घटलेला, म्हणजे शरीराचं पारडं कुठे झुकतंय याचा अंदाज येतो. तोही साध्या सीबीसीतून, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या नेहमीच्या तपासणीतून, वेगळी तपासणी न करता. संशोधकांना त्याचं आकर्षण वाटणारच. प्लेटलेट आणि लिम्फोसाइटचं किंवा लिम्फोसाइट आणि मोनोसाइटचं गुणोत्तरही याच कारणाने अभ्यासलं जातं. पण अंदाज येणं वेगळं आणि त्यावरून एखाद्याचा उपचार बदलणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीसाठी लागणारा पुरावा अजून उभा राहिलेला नाही.

तुम्ही काढलेला ग्लासगो स्कोअर म्हणजे सीआरपी आणि अल्ब्युमिन यांवरून कॅन्सरच्या रुग्णाचा पुढचा अंदाज बांधणारे गुण. तो २००३ साली मांडला गेला, ऑपरेशन शक्य नसलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या अभ्यासातून. सीआरपी १० च्या वर आणि अल्ब्युमिन ३.५ च्या खाली, दोन्ही असलं की २ गुण. नंतर तो इतर कॅन्सरमध्येही वापरून पाहिला गेला. दादांच्या बाबतीत सीआरपीत दाढेचा वाटा आहे, हे वर सांगितलंच. अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचं जरा वेगळं आहे. बरेच जण ते थेट जेवणाशी जोडतात, पण दाह असला की यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं आणि ते रक्तवाहिन्यांतून बाहेरही झिरपतं. त्यामुळे ३.२ हा आकडा दादा किती जेवतात याचं सरळ माप नाही.

त्याचं माप तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहून पुढे गेलात: ६८ चे ६१. मला तुमच्या पत्रातला सगळ्यात काळजीचा आकडा हा वाटला. सात किलो म्हणजे मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त, तेही तीन महिन्यांत. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर त्याला गंभीर कुपोषण धरतात. असा रुग्ण मोठ्या ऑपरेशनला गेला तर जखमा उशिरा भरतात, इन्फेक्शन लवकर होतं, आणि पुढे रेडिएशन पूर्ण करणं जड जातं. ज्या गुणोत्तराने तुमची झोप उडवली त्याला हाताने खाली ओढता येत नाही. वजनाचं मात्र आजपासून करण्यासारखं पुष्कळ आहे.

कुपोषणाचा धोका गंभीर असेल तर मोठ्या ऑपरेशनच्या आधी ७ ते १४ दिवस पोषणाचा नेटाने उपचार करावा, असं क्लिनिकल पोषणाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमच्या हातात बारा दिवस आहेत. उद्याच सर्जनना किंवा त्यांच्या टीममधल्या आहारतज्ज्ञांना गाठा आणि पहिलं वाक्य हे बोला: "तीन महिन्यांत सात किलो वजन गेलंय, गिळताना दुखतंय." रोज किलोमागे साधारण ३० कॅलरी धरल्या तर दादांना १,८०० च्या आसपास लागतील. प्रथिनं किलोमागे एक ग्रॅमहून जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत, म्हणजे ६० ते ९० ग्रॅम. हे दुखऱ्या तोंडाने होणार नाही. म्हणून जेवणाआधी वेदना कमी करणारं औषध किंवा तोंड बधिर करणारं द्रावण मिळेल का, पातळ पोषक आहार चालेल का, आणि तेही पुरत नसेल तर नाकातून नळी घालावी का, हे विचारा. नळीचं नाव काढलं की घरातले घाबरतात, आता सगळं संपलं असं त्यांना वाटतं. तसं नाही. जिभेच्या ऑपरेशननंतर बहुतेकांना काही दिवस नळीनेच आहार द्यावा लागतो. ती आधी घातली तर दादा ऑपरेशनला भरल्या अंगाने जातील. एक जपा: गेले कित्येक दिवस त्यांच्या पोटात जवळजवळ काहीच जात नसेल तर आहार एकदम वाढवू नका. रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम अचानक उतरण्याचा धोका असतो, म्हणून तो डॉक्टरांच्या नजरेखाली टप्प्याटप्प्याने वाढवायचा.

दाढेचं दंतवैद्याकडून आताच निस्तरून घ्या, अँटिबायोटिकने ठणका थांबला म्हणून सोडू नका. पुढे जबड्यावर रेडिएशन पडणार असेल तर खराब दात त्याआधी काढलेले बरे. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याची भीती असते. ऑपरेशनच्या वेळीच तो दात काढता येईल का, हे सर्जन आणि दंतवैद्य एकमेकांशी बोलून ठरवतील. तुम्ही फक्त दोघांची गाठ घालून द्या.

सिगारेटबद्दल मी कठोर बोलणार आहे. १९९३ साली कॅनडातून एक अभ्यास आला. डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन चालू असताना जे धूम्रपान करत राहिले त्यांच्यातले दोन वर्षांनी ३९ टक्के हयात होते, आणि ज्यांनी सोडलं होतं किंवा जे करतच नव्हते त्यांच्यातले ६६ टक्के. हाही गटाचाच आकडा आहे. न सोडणाऱ्यांच्या तब्येतीत इतरही उणिवा असू शकतात. पण सिगारेट हातातून खाली ठेवता येते. दोन-तीनच आहेत, आता काय बिघडणार, असं घरातलं कुणी म्हणत असेल तर ते ऐकू नका. निकोटिनचे पॅच किंवा दुसरी औषधं भूलतज्ज्ञांना विचारून सुरू करता येतात. दादांना दोष देऊन हे होणार नाही, सोबत बसून होईल.

आता गोळ्या. दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. ऑपरेशनच्या तोंडावर त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पुढे सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध द्यायचं झालं तर ते मूत्रपिंडांवर ताण आणतं आणि या गोळ्या त्यात भर घालतात. त्या तापही लपवतात. व्हिटॅमिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्याही नकोत. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांना रेडिएशनच्या काळात आणि नंतर व्हिटॅमिन ई देऊन पाहिलेल्या एका चाचणीत, गोळी चालू असेपर्यंत दुसरा कॅन्सर होण्याचं प्रमाण उलट जास्त आढळलं. आकडा खाली आणला म्हणजे रोग खाली आला, असंही नाही. ताप मोजणाऱ्या नळीवर थंड पाणी ओतल्याने ताप उतरत नाही.

दर आठवड्याला तुम्ही स्वतःहून रक्त तपासू नका. जी रक्ततपासणी लागेल ती टीम करेलच. इन्फेक्शन गेल्यावर, स्टेरॉइड थांबून काही दिवस झाल्यावर ऑपरेशनच्या आधी पुन्हा सीबीसी होईल, तेव्हा ते आकडे नुसते शेजारी ठेवून पाहा. बहुधा बराच फरक दिसेल. तरीही भागाकार तीन-चारच्या वर राहिला तर? तर त्याची नोंद फाइलमध्ये राहील आणि ऑपरेशन ठरलेल्या दिवशी होईल. आणखी एक आधीच सांगून ठेवतो, नाहीतर दोन महिन्यांनी तुम्ही पुन्हा घाबराल. लिम्फोसाइट रेडिएशनला फार नाजूक असतात. उपचार सुरू झाले की ते उतरतात आणि भागाकार आपोआप चढतो. तो उपचाराचा परिणाम असतो, रोग वाढल्याची खूण नव्हे. केमो मिळाली तर सीबीसीत पाहायचं ते वेगळंच: न्यूट्रोफिल फार खाली तर गेले नाहीत ना? त्या काळात ताप ३८ अंश सेल्सियसला पोचला तर रात्र असो की पहाट, घरी थांबायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

पुढचा अंदाज ज्या कागदावरून खरोखर बांधता येतो तो अजून तुमच्या हातात आलेला नाही. ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट तो. गाठ जिभेत किती मिलिमीटर खोल गेली आहे (५ आणि १० मिलिमीटर या महत्त्वाच्या रेषा आहेत), कापलेल्या कडा मोकळ्या आहेत का, मानेतल्या किती लसीकाग्रंथींत (लिम्फ नोडमध्ये) रोग आहे, आणि तो ग्रंथीचं कवच फोडून बाहेर आलाय का. कडांवर रोग असेल किंवा कवच फुटलेलं असेल तर रेडिएशनसोबत केमो देण्याचा विचार होतो. २००४ साली आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांवर तो आधारलेला आहे. तुम्ही कदाचित एचपीव्ही हा विषाणू आणि त्याची खूण म्हणून तपासलं जाणारं पी-१६ हे प्रथिन यांबद्दलही वाचाल. ती तपासणी मुख्यतः घशाच्या मागच्या भागातल्या, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये निर्णायक असते. तुम्ही लिहिलंय तशी जिभेच्या कडेची गाठ असेल तर तिच्यावरून फारसा फरक पडत नाही. रेडिएशन लागणार असेल तर ते ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं आणि मध्ये खंड पडू नये, याचा आग्रह धरा. खंड पडलेला प्रत्येक दिवस महागात पडतो. वजन आणि दात यांच्यामागे मी लागलोय ते यासाठीच. तोंड सोलवटलं, अंगात त्राण नाही, दात दुखतोय, या कारणांनीच उपचार मध्ये थांबतात.

राहिलं दादांना काय सांगायचं ते. 'ठीक आहे' म्हणू नका, ते विचारताहेत म्हणजे त्यांना काहीतरी जाणवलंय. हिशेबाने काढलेला साडेसहा त्यांच्यापुढे ठेवायची गरज नाही, कारण तो त्यांचा नाहीच, दाढेचा आणि गोळ्यांचाही आहे. पण हे सांगा: "रिपोर्टमध्ये इन्फेक्शन दिसतंय आणि तुझी ताकद कमी पडलीय. बारा दिवसांत दोन्ही सुधारायचंय." मग विचारा की पुढचं त्यांना किती जाणून घ्यायचंय. कुणाला सगळं हवं असतं, कुणाला फक्त उद्या काय करायचं एवढंच. ते म्हणतील तेवढंच सांगा, पण जे सांगाल ते खरं असू द्या. वहिनींनाही या बोलण्यात घ्या. पोषणाचं आणि सिगारेटचं काम एकट्या बहिणीने ओढण्यासारखं नाही.

आणि सर्जनकडे पुढच्या वेळी जाताना भागाकाराचा कागद नेऊ नका. दर तीन दिवसांनी सकाळी घेतलेलं वजन, दिवसभरात पोटात गेलेलं सगळं आणि दादा सध्या घेत असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव लिहिलेली वही न्या. स्टेरॉइड कधी सुरू झालं आणि कधी थांबलं, ती तारीखही त्यात असू द्या.